अकरा ते पाचचं ट्रेनिंग आणि रात्रपाळी

वृद्धाश्रम, बालगृह किंवा दिव्यांगांचं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचं काम अंगावर आलं असेल, तर आधी वक्ते शोधू नका. मस्टर मागवा. कोण कुठल्या पाळीत, कुणाची सुटी कधी, एका वेळी किती जणी मोकळ्या करता येतात, हे त्यावरून काढा. बारा काळजीवाहक पाळ्यांमध्ये वाटलेले असतील तर एका वेळी दोघींपेक्षा जास्त सुटत नाहीत. बॅनर आणि जेवणासकटचा दिवसभराचा कार्यक्रम तिथेच बाद.

नवा माणूस हमखास फसतो तो इथेच. हजेरीपट भरतो, फोटो निघतात, फंडर खूश होतो. पण अकरा ते पाचमध्ये शिकते ती फक्त दिवसपाळी. अंथरुणाला खिळलेल्या आजींना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हे दिवसपाळी शिकते आणि वळवल्याच्या नोंदींचा तक्ताही भरते. रात्री 8 ते सकाळी 8 ड्युटी करणाऱ्या मावशीला ते कुणी दाखवलेलंच नसतं. सकाळी माकडहाडावर लाली दिसते. बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकी पडली नाही, तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागतं का ते हाताने पाहायचं. मावशी मायेने तिथे तेल चोळते आणि आतली इजा वाढते. मग बोलणी तिलाच बसतात, तक्ता मात्र पूर्ण असतो.

ड्युटी संपल्यावर सकाळी तिला दोन तास थांबवणं हा उपाय नव्हे. डोळे मिटत असतात आणि घरी डबे करायचे असतात. पाळी बदलायच्या आधी, संध्याकाळी सव्वासात ते आठ, एकच कौशल्य घ्या. तेच सत्र त्याच आठवड्यात पुन्हा घ्या, म्हणजे सुटीवरच्या सुटत नाहीत. त्या पाऊण तासाचे पैसे द्या. नंतर एकदा रात्री अकराला स्वतः जाऊन ती आजींना कशी वळवते ते पाहा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकून ‘ट्रेनिंग झालं’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

ट्रेनिंगच्या वेळी जागा सांभाळणाऱ्या बदली बाईची मजुरी फंडरकडे जाणाऱ्या प्रस्तावातच लिहा, तीही प्रकल्पाच्या खर्चात. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने 50 वरून 20 टक्क्यांवर आली. ट्रेनिंग त्या खात्यात पडलं की कात्री आधी त्यालाच लागते. कुठला खर्च कुठे बसतो, हे प्रस्ताव पाठवण्याआधी सीएला विचारा.

मुलांची संस्था असेल तर स्वयंपाकीण, चौकीदार, ड्रायव्हर सगळ्यांना पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम 19 सांगा: लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवायचं. अधीक्षकांच्या कानावर घातलं म्हणजे झालं, हा समज धोक्याचा आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली कुणी काही शिकत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सरकारी अधिकारी वक्ते म्हणून धरू नका. एमएसडब्ल्यूचे (समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी करणारे) विद्यार्थी नोंदी ठेवायला चांगले, पण मावशीला उचल-ठेव शिकवायला त्यांना उभं करू नका. ते जुन्या, हात बसलेल्या मावशीनेच शिकवावं, आणि त्याचा भत्ता तिला मिळावा. तिच्याही काही सवयी चुकीच्या असतात, म्हणून आधी एकदा नर्सकडून तिची पद्धत तपासून घ्या.

सुरुवातीचे दोन-तीन महिने काहीच हलत नाही असं वाटेल. घाबरू नका, रात्रीचा तक्ता वेळेवर भरला जाऊ लागला तरी पुष्कळ आहे. शिकून लोक सोडून जातात, ही तक्रार समितीत येईलच. प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवायचा सल्लाही कुणीतरी देईल. ऐकू नका. मूळ प्रत कर्मचाऱ्याच्या हातात द्या, फाइलला झेरॉक्स पुरते.