कापसाच्या गावातून शिमल्याला: बॅग भरताना या चुका टाळा

कापसाची दुसरी वेचणी आटोपली, चार पैसे हातात आले, की आमच्या यवतमाळकडच्या गावांत दरवर्षी कोणाच्या तरी डोक्यात बर्फ पाहायचं खूळ शिरते. एका जानेवारीत आम्हीही चार घरं मिळून शिमल्याला गेलो. थंडीची धास्ती कोणालाच नव्हती. डिसेंबर 2018 मध्ये नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तेव्हाच्या रात्री आम्ही रानडुकरांपायी तुरीत जागल करून काढलेल्या. मग शिमल्यात असं काय वेगळं असणार, बाप्पा?

वेगळी असते ती दुपार. आपल्याकडे पहाटे कितीही काकडलं तरी दहाला ऊन चढते, जानेवारीतही दुपारी पारा 28 अंशांपर्यंत जातो आणि अंगातला स्वेटर धुऱ्यावर पडतो. आपलं चिखलदरा साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे, शिमला त्याच्या दुप्पट, 2,200 मीटर. तिथे जानेवारीत भर दुपारी 10 अंशांच्या आसपास आणि रात्री शून्याजवळ. गारठा उतरतच नाही. आमच्या बॅगा सकाळ-संध्याकाळच्या हिशेबानं भरलेल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बाजारात पाकीट रिकामं झालं.

अंगाला सुती बनियन

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि कापूस पिकवणाऱ्या माणसाला ती पटवणं सगळ्यात कठीण. रजईतला कापूस ऊब देतो, कारण तो कोरडा असतो आणि त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. बनियनमधला कापूस मात्र घाम पितो आणि वाळत नाही. शिमल्यात मॉल रोडवर गाड्या जात नाहीत, पायीच फिरावं लागते, आणि गाव सगळं चढउताराचं. दहा मिनिटं चढलं की पाठ ओली होते, आणि चहाला थांबलं की तेच ओलं बनियन अंगाला बर्फासारखं चिकटते. जीन्सही सुतीच, हे आम्हाला बर्फात बसल्यावर कळलं.

अंगाला लागून घट्ट बसणारं थर्मल हवं. दुकानात ‘इनर’ म्हटलं तरी समजते. त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट घेऊन जाऊ नका. चढ लागला की घाम यायच्या आधी स्वेटर काढायचा, थांबलं की घालायचा. एकट्या कोटात ही सोय नाही. दोन इनर न्या, कारण धुतलेलं तिथे रातोरात वाळत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडच्या शहरांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात (गोंदिया जिल्ह्यात तर त्यांची वसाहतच आहे). खरेदी तिथेच उरका. गमबूट आणि लांब कोट मात्र विकत घेऊ नका, शिमल्याजवळच्या कुफरीकडे बर्फात जाताना भाड्यानं मिळतात.

पायात काहीही चालते, हा समज

दिवसा वितळलेलं बर्फाचं पाणी रात्री रस्त्यावर पुन्हा गोठते. सकाळी त्याचा काचेसारखा पातळ थर तयार होतो, तो डोळ्याला दिसत नाही. आमच्यातले एक काका गुळगुळीत तळाचे, लग्नातले बूट घालून निघाले आणि हॉटेलच्या पायरीवरच आडवे झाले. खोल खाचांचा रबरी तळ असलेले, घोट्याच्या वर येणारे बूट पाहा, आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. आत जाड लोकरीचा एकच मोजा घाला. दोन-दोन मोजे कोंबले की पाय आवळतात, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, हीटरला चिकटवू नका.

आजीला लुगड्याच्या आत गरम पायजमा घालायला लावणं ही वेगळीच मोहीम असते. ती घरीच फत्ते करा. काठ बर्फात भिजला की दिवसभर पिंडऱ्या गार राहतात.

चाकांची मोठी बॅगही आमची फजितीच होती. शिमल्याच्या पायऱ्यांवर चाकं काय कामाची? पाठीवरची पिशवी बरी.

शेगडी

इथे गंमत नाही, राजेहो. आपल्याला शेकोटीची सवय, पण ती उघड्यावरची. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. खोली ठरवतानाच विजेचा हीटर आहे का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, ते विचारा. गरम पाण्याची रबरी पिशवी घरूनच न्या. थंडीवर दारूचा इलाजही खोटा: अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

बारीकसारीक म्हणाल, तर खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते, ते रुंद तोंडाच्या डबीत घ्या. ओठांना व्हॅसलीन. काळा चष्मा मिरवायला नाही, ताज्या बर्फावरून ऊन डोळ्यांवर परततं म्हणून लागतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर बसते. बीपीच्या, दम्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडच्या धुक्यानं गाड्या तासन्‌तास अडकतात, म्हणून दशम्या आणि ठेचा मोजक्यापेक्षा जास्त बांधा.

आणि एक सुती शर्ट बॅगेत अगदी वर ठेवा. परतताना इटारसी ओलांडली की तोच लागतो.