असईच्या टेबलावर कमांडर निवडताना

नव्या खेळाडूच्या हातात कमांडरांची यादी दिली की त्याची नजर सरळ आकड्यांवर जाते. नऊवाला कोण, सातवाला कोण आणि नऊवाला आपल्या वाट्याला येईल का? मी नवख्यांना बहुतेक वेळा ‘ब्लॅक पावडर’च्या, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळायच्या एका खेळाच्या नियमांवर १८०३ची असईची लढाई खेळायला बसवतो. तिथे हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. कमांडर कुठे उभा आहे, त्याच्या हाताखाली किती पलटणी आहेत आणि तो पहिली ऑर्डर कुणाला देतो, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय त्या आकड्याला काही किंमत नाही.

आधी आकड्याचा अर्थ. पलटणीला काय करायचं ते मोठ्याने सांगायचं आणि मग दोन फासे टाकायचे. बेरीज कमांडरच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ऑर्डर पोचलीच नाही. बेरीज आकड्याइतकी किंवा एकाने कमी आली तर पलटणीला एक चाल, दोनाने कमी आली तर दोन चाली, तीन किंवा त्याहून जास्त फरक पडला तर तीन चाली. साधारण कमांडर आठचा धरतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २६ वेळा त्याची ऑर्डर लागते, म्हणजे ७२ टक्के. नऊवाल्याची ८३ टक्के, सातवाल्याची ५८ टक्के. आठवाल्याची गंमत अशी की ऑर्डर फसण्याच्या शक्यता १० आणि तीन चाली मिळण्याच्याही १०च. नऊवाल्याला फसण्याच्या ६ आणि तीन चालींच्या १५, तर सातवाल्याचं बरोबर उलटं. म्हणजे चांगला कमांडर चुका तर कमी करतोच, शिवाय लांब पल्ला मारतो. हा दुसरा गुण नवख्यांच्या लक्षात उशिरा येतो.

आता खरी मेख. एक ऑर्डर फसली की त्या कमांडरचं त्या फेरीतलं काम संपलं. उरलेल्या पलटणी जागच्या जागी उभ्या. आठवाल्याने एकापाठोपाठ दिलेल्या तिन्ही ऑर्डरी लागण्याची शक्यता फक्त ३८ टक्के आहे, चारही लागण्याची २७. सातवाल्याला तिन्ही लागण्याची शक्यता २० टक्के. म्हणून सातवाल्याकडे सहा पलटणी देऊन ठेवणं म्हणजे त्यातल्या निम्म्याहून अधिक पलटणींना बहुतेक वेळा बघे करून ठेवणं. त्याला दोन किंवा तीन द्या, त्याही शेजारी शेजारी उभ्या करा. जवळ असलेल्या पलटणींना एकच काम करायचं असेल तर सगळ्या ब्रिगेडला, म्हणजे एका कमांडरच्या हाताखालच्या पलटणींना, मिळून एकच ऑर्डर देता येते, एकदाच फासे टाकून. कमकुवत कमांडरला वाचवणारी याहून चांगली सोय या नियमांत नाही.

ऑर्डरींचा क्रम हा माझ्या मते या खेळातला सर्वांत मोठा निर्णय आहे आणि तो दर फेरीत नव्याने घ्यावा लागतो. जी पलटण हलली नाही तर डाव हातचा जाईल, तिला पहिली ऑर्डर. मागे राखीव उभी आहे तिला शेवटी. ऐकायला साधं वाटतं, पण टेबलाशी उभं राहिल्यावर हात सवयीने डावीकडून उजवीकडे जातो. मुख्य सेनापतीची पाळी मी नेहमी शेवटी ठेवायला सांगतो, कारण तो कुणाच्याही पलटणीला ऑर्डर देऊ शकतो. ब्रिगेडवाल्यांची एखादी ऑर्डर फसली की त्यांच्या ज्या पलटणींना अजून ऑर्डरच मिळालेली नाही, त्या त्याने उचलायच्या. तो आधीच फासे टाकून बसला, तर हे भगदाड बुजवायला कुणी उरत नाही.

अंतराचा हिशेब कडक आहे. पलटण आणि कमांडर यांच्यातल्या प्रत्येक पूर्ण बारा इंचांमागे आकडा एकाने घटतो. चोवीस इंचांवरचा नऊवाला आणि पलटणीच्या पाठीशी उभा असलेला सातवाला एकाच मोलाचे. जागा लहान असेल तर इंचाऐवजी सेंटिमीटर धरून छोट्या आकाराचे सैनिक वापरा, जेवणाच्या टेबलावरही डाव मांडता येतो. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर पलटणीचं नाव लिहिलं तरी चालतं. कमांडर मात्र वेगळ्या रंगात ठेवा, कारण मोजपट्टी त्याच्यापासूनच लावायची असते.

असई हे गाव आपल्या जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ला इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेवर हल्ला केला. पायदळाचा हुकूम अँटनी पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराकडे होता. वाटाड्यांनी नदीपलीकडे जायला उतार, म्हणजे पाण्यातून पार होण्याजोगी जागा, नाही असं सांगितलं होतं, पण वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतकी जवळ वसलेली गावं उताराशिवाय राहणार नाहीत, हा त्याचा तर्क खरा ठरला आणि तो बगलेवर उतरला. याला टेबलावर नऊ द्यायचे की नाही, यावर वाद होत नाही.

वाद होतो पोलमनवरून. बरेच जण लढाई हरलेल्याला डोळे झाकून सात देतात. मला ते साफ अमान्य आहे. शत्रू बगलेवर उतरतो आहे हे दिसल्यावर पोलमनने तोफांसकट अख्खी रांग काटकोनात फिरवली आणि नव्या दिशेला तोंड करून उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. असं काम करणारी फौज आणि तिचा सेनापती आठाच्या खाली जाऊच शकत नाही, मी तर नऊ देतो. त्याच्या हाताखालच्या ब्रिगेडवाल्यांना, म्हणजे बेगम समरूंच्या पलटणी घेऊन आलेला सालूर आणि दुसरा ब्रिगेडवाला दुपों, यांना प्रत्येकी आठ. मराठी बाजूचं दुबळेपण कुठे दाखवायचं, तर घोडदळात. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं प्रचंड घोडदळ त्या दिवशी लढाईत जवळजवळ उतरलंच नाही. त्यांच्या सरदारांना सहा द्या. सहाला ऑर्डर लागते ४२ टक्के वेळा, म्हणजे घोडदळ टेबलावर आहे, धाक आहे, पण भरवसा नाही. हरण्याचं कारण ज्या जागी होतं त्याच जागी आकडा उतरवायचा. सगळ्या फौजेला सरसकट कमी लेखलं की खेळही बिघडतो आणि इतिहासही.

इंग्रजांच्या बाजूला ऑरॉक आहे, पिकेट्सचा म्हणजे पुढच्या चौक्यांच्या तुकडीचा प्रमुख. त्याने उजवीकडे थोडं सरकून मागच्यांना जागा करून द्यायची होती. तो सरकतच राहिला, थेट असई गावाच्या तोफांपुढे गेला आणि ७४वी पलटण त्याच्या मागे ओढली गेली. दोन्ही तुकड्यांची तिथे चाळण झाली. आमच्या नियमांत दोन्ही फाशांवर सहा आले की ऑर्डरीचा विपर्यास होतो आणि पलटण मागे पळणार, बाजूला जाणार की पुढे, हे तिसरा फासा ठरवतो. छत्तीसातून एकदा येणारी ही वेळ नवख्यांना अन्यायाची वाटते. ऑरॉकची हकीकत सांगितली की तक्रार थांबते. त्याला मी सात देतो.

ऑर्डर बोलायची कशी, हे एका डावातून सांगतो. वेलस्लीच्या बाजूने पहिल्यांदाच खेळणाऱ्या एका मुलीने उजव्या टोकाच्या पलटणीला नुसतं ‘पुढे जा’ म्हटलं आणि फाशांवर चार आले. तीन चाली. पलटण थेट गावासमोरच्या तोफांच्या तोंडी जाऊन उभी राहिली, कारण थांबायचं कुठे ते ऑर्डरीत नव्हतंच. पुढच्या फेरीत ती ७८व्या पलटणीला म्हणाली, ‘केळणेच्या काठाने पुढे, समोरच्या तोफांपर्यंत पोचलात तर संगिनीने हल्ला, नाही पोचलात तर बाभळींच्या ओळीशी थांबा.’ अशी ऑर्डर कुठलाही आकडा आला तरी कामाची राहते. हल्ला करायचा असेल तर तो शब्द ऑर्डरीत आलाच पाहिजे. शत्रूला भिडल्यावर ‘मला तेच म्हणायचं होतं’ ऐकलं जात नाही.

कमांडरला स्वतः पलटणीत घालून लढवायचा मोह फार होतो. त्याने पलटणीला जादा फासे मिळतात, पण तो मारला जाऊ शकतो. वेलस्लीच्या अंगाखाली त्या दिवशी घोडे पडले, तो वाचला. घोडदळाचा मॅक्सवेल, ज्याने ७४वीला सोडवलं, तो नंतरच्या चढाईत मेला. माझा नियम असा आहे: मुख्य सेनापती शेवटच्या दोन फेऱ्यांआधी पलटणीत घालायचा नाही. ब्रिगेडवाल्याला मात्र त्याच्या सगळ्या पलटणी गुंतल्या असतील तर खुशाल घाला, कारण तेव्हा त्याच्याकडे द्यायला ऑर्डरी उरलेल्याच नसतात.

पहिल्याच डावाला सगळी असई मांडू नका. दोन्हीकडे एकेक सेनापती, दोन-दोन ब्रिगेडी, प्रत्येकीत तीन पलटणी आणि एक तोफखाना, एवढं पुरे. ऑरॉकची बाजू आणि गाव एका अंगाला, नदीकाठ दुसऱ्या अंगाला. पहिला डाव झाला की आकडे तेच ठेवून बाजू बदला, आणि ज्याने पोलमन खेळवला त्याला वेलस्ली द्या.