जुना, कमी ताकदीचा लॅपटॉप भंगारात देऊ नका, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाका
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं जे जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसतंच. तर ४ जीबी रॅमवाल्या लॅपटॉपला लिनक्स मिंटचं एक्सएफसीई व्हर्जन (कमी रॅममध्ये चालणारं) बेस्ट, माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर हेच टाकलंय.

आधी फोटो, कागदपत्रं सगळं दुसरीकडे कॉपी करा, हे टाळू नका कारण इन्स्टॉल करताना 'इरेझ डिस्क' निवडलं की काहीच राहत नाही. मग ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, त्यातलंही सगळं पुसलं जातं, त्यावर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) टाका आणि लॅपटॉप चालू होताना एफ१२ (एचपीला एफ९, काही कंपन्यांना वेगळी की) दाबत राहा, यादी आली की पेनड्राईव्ह निवडा.

लगेच इन्स्टॉल करू नका! पेनड्राईव्हवरूनच मिंट चालतं, तिथंच वायफाय, आवाज, टचपॅड बघून घ्या. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, नेट येतं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर टाका (इन्स्टॉल केल्यावर तो परत टाकावा लागेल). सगळं चालत असेल तरच इन्स्टॉल करा.

आणि सोलापूरकरांनो, बॅटरी मेलेली असेल तर हे काम इन्व्हर्टरवरच करा, उन्हाळ्यात दुपारी आमची लाईट अर्ध्यात गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.