वस्तू तुम्ही धरा, त्यांच्या हाती देऊ नका

वर्षानुवर्षं पसारा असलेल्या, तीन-चारदा आवरून पुन्हा होते तिथेच आलेल्या घरी आवरून द्यायला गेलात, तर खोकी आणि लेबलं गाडीतच राहू द्या. इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंकडे मी पहिल्याच दिवशी कपाट रिकामं केलं. दोन तासांनी पलंगभर साड्या, आणि काकू रडवेल्या. चूक माझीच.

आता अशा घरी मी वस्तू स्वतः उचलून दाखवते. घरच्यांनी हातात घेतली की माया सुटत नाही; फाटक्या पिशवीचाही इतिहास निघतो. आणि ‘हे हवंय का?’ असं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं: ‘असू दे.’ ज्युडिथ कोलबर्ग या लोकांचा पसारा आवरून देणाऱ्या अमेरिकन बाईंची युक्ती वापरते: ही मैत्रीण, ओळखीची, की परकी? मैत्रिणी राहतात, परक्या जातात, ओळखीच्यांचं नंतर बघू. काकूंनी १९९८ची लाइटबिलं क्षणात ‘परकी’ ठरवली. वरणाचं पोचे पडलेलं पातेलं मात्र मैत्रीणच निघालं. राहू द्यावं.

एका बैठकीत एक खण, फार तर दीड तास. बाकी वेळ नुसतं शेजारी बसा. सोबत कुणी असलं की त्यांचं लक्ष भरकटत नाही.

निघालेलं सामान त्याच दिवशी घराबाहेर काढा. इंदूरला कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार वेगळे द्यावे लागतात, म्हणून पिशव्या आधीच वेगळ्या भरा. रात्रभर दाराशी राहिल्या, तर सकाळी अर्ध्या परत आत गेलेल्या असतात.