रायझनचा वेग वाढवा, व्होल्टेज मात्र उतरवा

प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.३५ वरून १.२५ व्होल्टवर आलात की त्याच वेगाला साधारण १४ टक्के वीज कमी लागते; उष्णताही तेवढीच घटते. म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर असेल तर सगळे कोर (त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच वेगावर बांधून टाकू नका, एकेका कोरला मिळणारा ४.६ गिगाहर्ट्झचा बूस्ट, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग, त्यात हकनाक जातो. त्याऐवजी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही बूस्ट वाढवणारी सोय, चालू करून (वॉरंटीबद्दलचा इशारा आधी वाचा) कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज पायरी-पायरीने बदलणारी सोय) सगळ्या कोरना निगेटिव्ह १०, म्हणजे दहा पायऱ्या खाली, ठेवा. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. काही दिवस नीट चाललं तर १५, मग २०. बूस्टची मर्यादा ५० मेगाहर्ट्झने वाढवणं पुरे, २०० चा मोह नको.

चाचणीत मात्र फसगत होते. सगळ्या कोरवर ताण देणारा सिनेबेंच हा चाचणी-प्रोग्रॅम तासभर सुरळीत चालतो आणि मशीन नुसतं चालू ठेवलेलं असताना रीस्टार्ट होतं. कारण हलक्या कामात एखादाच कोर सर्वात वरचा वेग गाठतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. कोरसायकलर या प्रोग्रॅमने एकेक कोर तपासा. बहुधा सगळ्यात चांगले कोरच आधी कुरकुरतात. तेवढ्यांना निगेटिव्ह ५ वर आणा, बाकीचे २० वरच राहू द्या.