धरण परवडलं का, ते घरबसल्या कसं तपासायचं

सगळ्यात आधी त्या धरणाची सुप्रमा शोधा. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि आपल्याकडे मोठं धरण म्हटलं की ती असतेच, बऱ्याचदा एकाहून जास्त. त्यात खर्च, लाभक्षेत्र (धरणाच्या पाण्यानं भिजणार असलेलं रान) आणि लाभव्यय गुणोत्तर सापडतं. हे गुणोत्तर म्हणजे वर्षाचा फायदा भागिले वर्षाचा खर्च. सिंचन प्रकल्पाला साधारण १.५ लागतं, अवर्षणप्रवण भागात १ वरही भागतं. वर्षाचा खर्च काढताना भांडवलावर १० टक्के व्याज धरतात, १ टक्का घसारा (धरण १०० वर्षं टिकणार असं धरून) आणि वर देखभाल.

समजा धरण १००० कोटींचं आहे, फायदा वर्षाला २०० कोटी. व्याज १००, घसारा १०, देखभाल धरू १०, म्हणजे खर्च १२० कोटी, गुणोत्तर १.६७, झालं पास. आता खर्च दुप्पट करा आणि पाणी फक्त निम्म्या शेतांपर्यंत पोचवा. फायदा १००, खर्च २४०, गुणोत्तर ०.४२. एवढंच करून बघा, निम्मे वाद इथंच मिटतात.

दुप्पट कशाला, तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये जगभरातल्या २४५ मोठ्या धरणांचा हिशोब मांडला तेव्हा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्के जास्त निघाला. त्यामुळे नवीन डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, हातात आला की मी खर्चाला सरळ दोनने गुणतो.

आपलं वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण घ्या. मूळ अंदाज ३७२ कोटी, १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प, आणि पुढे सुधारित आकडा १८,४९४ कोटींवर गेला, म्हणजे जवळपास ५० पट! इथं लगेच भ्रष्टाचार भ्रष्टाचार ओरडू नका, आधी महागाई वेगळी काढा. दोन्ही आकडे एकाच वर्षाच्या भावात आणा, मग जे उरेल त्याचा जाब विचारा (उरेलच, भाव काही तीस वर्षांत ५० पट वाढले नव्हते).

पण माझ्या मते खरा खड्डा खर्चाचा नाही, उशिराचा आहे आणि तो कुठल्याच कागदावर दिसत नाही. १० टक्के दर धरला तर १० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत साधारण ३९ रुपये, तेच २५ वर्षांनी मिळाले तर फक्त ९. भिंत उभी राहिली, पाणी अडलं, गावं उठली, आणि पाटचारी (शेतापर्यंत पाणी नेणारी छोटी चारी) नाही म्हणून टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी बसलाय आभाळाकडे बघत, तर त्या प्रत्येक वर्षाचं व्याज चालूच असतं ना. म्हणून भिंत किती टक्के झाली हे विचारायचंच नाही, वितरिका (कालव्याच्या फाट्या) आणि पाटचाऱ्या किती झाल्या ते विचारायचं.

फायद्याच्या बाजूला एक हातचलाखी कायम असते. गोसीखुर्दचं लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टर, पण भंडारा-चंद्रपूरकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आधीपासून धानाला पाणी देत आलेत. त्यांच्यावर जे पिकत होतं ते वजा करून उरतं तेवढाच धरणाचा फायदा. तसंच निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं रान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचन फक्त ०.१ टक्का वाढल्याचं निघालं आणि गोंधळ उडाला, तो आठवतोय ना? आणि साठ्याच्या आकड्यालाही भुलू नका, उजनी ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणतात पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, म्हणजे दरवाजांच्या पातळीखाली राहणारं पाणी.

वीज असेल तर ते पाणी दुसरीकडे काय करू शकलं असतं तेही मांडा. कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्याला ते मिळत नाही. मात्र ऐन गर्दीच्या वेळेला चटकन चालू होणारी वीज महाग असते, ती स्वस्तात धरून कोयनेवर अन्याय करू नका.

बुडणाऱ्या बाजूला भूसंपादनाचा मोबदला लिहितात आणि थांबतात. धिवरांची मासेमारी, गायरान, नदीकाठची वाडी, यांचा सातबारा नसतो म्हणून किंमत शून्य धरतात. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि पुढे वैनगंगेत येतं, आता ते धरणात साठतं, त्याच्या सफाईचा खर्च कोणाच्या खात्यात? आणि कोण भरतो, कोणाला मिळतं, हा रकाना वेगळाच ठेवा. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावं बाधित झाली, महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के वीज आली, ती त्या गावांत किती गेली ते विचारून बघा.

शेवटचं, अर्धवट धरण असेल तर आधी बुडालेले पैसे विसरा. आजपासून उरलेला खर्च आणि त्यातून मिळणारं पाणी एवढंच मांडा. कधीकधी मजेशीर उत्तर येतं: पूर्ण धरण तोट्यात, पण भिंत उभी आहेच तर उरलेल्या पाटचाऱ्यांवर घातलेला रुपया सगळ्यात फायद्याचा. तेव्हा ठेकेदाराला आवडणाऱ्या नव्या भिंतीऐवजी पाटचारीचं टेंडर कधी निघणार, ते विचारत राहा.