सीडी कपाट, रजिस्टर आणि मोजणीला येणारा पोलिसांचा माणूस : इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या नर्स-फार्मासिस्टांसाठी

ओएससीई (नर्सना नोंदणीसाठी द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा) कशी काढायची, घर कुठे घ्यायचं, गाडीचा इन्शुरन्स स्वस्त कुठे मिळतो, याबद्दल इथे नव्याने आलेल्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. सीडी कपाटाबद्दल कोणी बोलत नाही. मी बरीच वर्षं मिडलंड्समध्ये फार्मासिस्ट आहे. आपली हुशार, कष्टाळू मुलं-मुली त्या कपाटापाशीच अडकलेली पाहिली, म्हणून हे लिहितोय.

सीडी म्हणजे कंट्रोल्ड ड्रग्ज, कायद्याने कडक नियंत्रणात ठेवलेली औषधं : मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन, केटामिन वगैरे. कायदा 1971 चा, त्याखालचे नियम 2001 चे. कोणतं औषध किती कडक नियमांत येतं हे सांगणारे गट म्हणजे शेड्यूल; त्यांचा तक्ता इंडक्शनमध्ये देतात, तो पाठ करा. इतकंच लक्षात असू द्या की ट्रॅमाडॉल 2014 पासून आणि प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन 2019 पासून शेड्यूल 3 मध्ये आहेत. आपल्याकडे कंबरदुखीवर सहज लिहून मिळणाऱ्या या गोळ्या इथे गंभीर समजल्या जातात.

इथल्या लोकांना या कपाटाचं एवढं का, असं वाटत असेल तर हॅरॉल्ड शिपमनबद्दल वाचा. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा हा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. 1976 मध्ये पेथिडीनच्या खोट्या प्रिस्क्रिप्शनसाठी त्याला दंड झाला होता, तरी तो पुन्हा प्रॅक्टिसला लागला. डायमॉर्फिन (औषध म्हणून वापरलं जाणारं हेरॉइन) टोचून पेशंट मारल्याबद्दल जानेवारी 2000 मध्ये 15 खुनांसाठी तो दोषी ठरला. चौकशीत 215 बळी निघाले. औषध त्याने कुठून आणलं? ज्यांना गरज नव्हती त्यांच्या नावाने लिहून, आणि वारलेल्या पेशंटच्या घरी उरलेलं उचलून. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीचा 2004 चा अहवाल याच विषयावर आहे. त्यातूनच हेल्थ ॲक्ट 2006 आला आणि संस्थेतल्या सीडींना जबाबदार असे अकाउंटेबल ऑफिसर नेमले गेले. आज पोलीस, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) आणि तपासणी संस्था एकमेकांना माहिती देतात तेही त्यामुळेच.

या साखळीतला पोलिसांकडचा माणूस म्हणजे कंट्रोल्ड ड्रग्ज लायझन ऑफिसर, सीडीएलओ. काही ठिकाणी तो पोलीस अधिकारी असतो, पण बऱ्याच ठिकाणी पोलीस खात्यातला नागरी कर्मचारी. युनिफॉर्म नाही, बेड्या नाहीत, गळ्यात ओळखपत्र आणि हातात वही. कित्येक जण निवृत्त डिटेक्टिव्ह असतात, आणि औषधांबद्दल त्यांना तुमच्या अंदाजापेक्षा जास्त कळतं.

आपली माणसं इथे दोन प्रकारे चुकतात. पोलीस म्हटल्यावर काहींच्या पोटात गोळा येतो, आणि विचारलं त्याला ते अर्धवट उत्तर देतात. बाकीचे गावाकडे ड्रग इन्स्पेक्टर आल्यासारखे पुढे-पुढे करतात. दोन्ही नको. ओळखपत्र बघा, खात्री वाटली नाही तर 101 ला (पोलिसांचा साधा, तातडीचा नसलेला नंबर) फोन करून विचारा. त्याचा त्यांना राग येत नाही. मग कपाट तुम्हीच उघडा, शेजारी उभे राहा, किल्ली हातातून सोडू नका. ते दोन-तीन औषधं निवडतात, रजिस्टरमधला बॅलन्स बघतात आणि तुमच्यासमोर मोजतात. आवाज शांत असतो, ‘हे जरा बघून घ्याल का’ अशी भाषा असते. तेवढ्यावरून गोष्ट किरकोळ आहे असं समजू नका. इथे गंभीर गोष्टी याच आवाजात सांगतात.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी भेटेल त्याला सांगतो. बॅलन्स जुळला नाही तर तो स्वतः जुळवू नका.

एका नर्सिंग होममधली गोष्ट. केरळ नाही, पंजाब नाही, आपलीच मुलगी, कामाला वाघ. रात्रपाळीच्या शेवटी ऑक्सिकोडोनचं द्रावण रजिस्टरपेक्षा 10 मिली कमी भरलं. रोज सिरिंजने ओढल्या जाणाऱ्या बाटलीत थोडा फरक पडतो. तिने तेव्हाच कळवलं असतं तर चौकशी होऊन विषय बहुधा मिटला असता. पण नवीन नोकरी, डोक्यावर व्हिसा. तिने आदल्या दिवशीचा एक डोस मागाहून लिहिला आणि साक्षीदाराच्या रकान्यात मैत्रिणीची सही घेतली. ‘ताई, जरा सही कर ना’, एवढंच. त्या वेळी ती मैत्रीण ड्यूटीवर नव्हती, हे रोस्टरवर दिसत होतं. 10 मिलीचा प्रश्न बाजूला राहिला आणि खोट्या नोंदीचा उभा राहिला. पोलीस, एनएमसी (नर्सची नोंदणी करणारी संस्था), व्हिसाची स्पॉन्सरशिप, सगळं एकदम आलं, आणि नोकरी दोघींचीही गेली.

म्हणून पुन्हा सांगतो. नोंद त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, शाईने. चुकलं तर खोडायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. समासात किंवा तळटीपेत दुरुस्ती, सही, तारीख. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही, मग मागणारी तुमची रूममेट असो की सिस्टर इन-चार्ज. आपल्यात मोठ्यांना नाही म्हणणं जड जातं. इथे म्हणा. आणि तफावत दिसली की त्याच शिफ्टमध्ये मॅनेजरला सांगा, लेखी कळवा, ते अकाउंटेबल ऑफिसरपर्यंत जातंय ना ते बघा. सीडीएलओंचे मेल पत्ते पोलिसांकडे मिळतात. शंका असेल तर आधीच विचारा, सल्ला देणं हेही त्यांचं कामच आहे.

मुदत संपलेला शेड्यूल 2 चा स्टॉक फार्मसीत स्वतःच्या अधिकारात नष्ट करता येत नाही. अधिकृत साक्षीदार लागतो, काही भागांत तो सीडीएलओच असतो. तोवर ‘एक्स्पायर्ड’ लिहून कपाटातच वेगळं ठेवा आणि बॅलन्समध्ये धरा. पेशंटने परत आणलेल्याचं वेगळं : त्याची नोंद निराळ्या वहीत, साक्षीदार म्हणून सहकारी चालतो. गोळ्या पाकिटातून एकेक काढून औषध निकामी करायच्या किटमध्ये टाकायच्या, पाणी घालून हलवायचं. केअर होममध्ये कोणी वारलं तर औषधं सात दिवस ठेवायची. कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, लागू शकतात.

घरी जाताना खिसा तपासा. किल्ली खिशात घेऊन गेलेली नर्स बसमधून परत येते, तोवर कोणाचं तरी मॉर्फिन थांबलेलं असतं.

हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठी मेथाडोन घ्यायला येणाऱ्यांशी आपले लोक तुसडेपणाने वागतात, ते मला खटकतं. निळं प्रिस्क्रिप्शन घेऊन रोज समोर उभं राहून औषध पिणारा माणूस सावरायला धडपडतोय. त्याला नावाने हाक मारा. सलग तीन दिवस आला नाही तर पुढचा डोस देण्याआधी प्रिस्क्रायबरला फोन करा, कारण सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनाच डोस जिवावर बेतू शकतो.

भारतातून आणायच्या गोळ्यांबद्दल मी ठाम आहे. स्वतःच्या औषधासाठी डॉक्टरचं पत्र ठेवा; तीन महिने किंवा जास्त पुरेल इतकी कंट्रोल्ड औषधं असतील तर होम ऑफिसचं (इथलं गृहखातं) लायसन्स लागतं. पण ‘इथला जीपी काही देतच नाही’ म्हणून पुण्याहून ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम मागवायचं आणि ग्रुपवर वाटायचं, हा प्रकार बंद करा. पैसे घेतले नाहीत तरी तो पुरवठाच, आणि तुमचं रजिस्ट्रेशन धोक्यात यायला तो पुरेसा आहे.

गॉसपोर्टच्या वॉर मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये नर्सनी 1991 मध्येच डायमॉर्फिनच्या वापराबद्दल आवाज उठवला होता. त्यांचं ऐकलं नाही. 2018 च्या अहवालानुसार तिथे 456 पेशंटचं आयुष्य अशा औषधांनी कमी झालं. तुमच्या वॉर्डावर कोणाचे डोस वेड्यावाकड्या प्रमाणात जात असतील तर सांगा, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

शेवटचं. पहिल्या शिफ्टआधी युनियनचे सभासद व्हा : नर्सनी आरसीएन किंवा युनिसन, फार्मासिस्टांनी पीडीए. भानगड झाल्यावर सभासद झालात तर त्या प्रकरणात सहसा मदत मिळत नाही. पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं तर स्टेशनवर वकील मोफत मिळतो. ‘मी काही केलंच नाही, मग वकील कशाला’ असं म्हणून एकटे जाऊ नका.